चूक म्हणून खूण केलेली उत्तरं

मला निवृत्त होऊन आता चार वर्षं होतील, तरी नांदेडच्या आमच्या गल्लीत माझी ओळख ‘डोक्याच्या मॅडम’ अशीच आहे. मानसशास्त्र म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी सुचतात, एक वेड आणि दुसरी मनातलं ओळखणं. एकदा शेजारच्या घरमालकीणबाई त्यांच्या सगळ्या भाडेकरूंना माझ्या दारात रांगेनं उभं करून गेल्या होत्या. त्यांची अंगठी हरवली होती आणि चेहरे बघून चोर सांगणं हे माझं काम आहे अशी त्यांची खात्री होती. मला तसलं काही येत नाही म्हटल्यावर त्यांनी अगदी सहज विचारलं, मग इतकी वर्षं शिकलात तरी काय? भाडेकरू बिचारे खाली मान घालून उभे. अंगठी पुढे कणकेच्या डब्यात सापडली, पण बाईंचा प्रश्न माझ्याजवळच राहिला.

दुसरे एक आजोबा सुनेला घेऊन आले होते. सून चार महिन्यांपासून बोलतच नाही, लकव्याचा झटका तर नसेल, अशी त्यांची काळजी. मी आजोबांना चहाला पाठवलं आणि सुनेशी बोलत बसले. ती तासभर बोलली. बोलत नव्हती ती फक्त सासऱ्यांशी, कारण प्रत्येक गोष्ट तीनतीनदा ओरडून सांगावी लागायची आणि ओरडलं की सून भांडखोर आहे असं गावभर व्हायचं. मी चिठ्ठीत लिहिलं, सुनेची भाषा उत्तम आहे, सासऱ्यांनी आपले कान तपासून घ्यावेत. आजोबा रागावून गेले आणि महिन्याभरानं कानाला यंत्र लावून, पेढे घेऊन आले.

तर माझं काम खरं काय होतं, ते सांगते. माणसाला शब्द सापडतो कसा, हा माझ्या अभ्यासाचा विषय. समोर तांब्या दिसला. डोळे तो ओळखतात, ह्याचा उपयोग काय ते मनाला कळतं, मग त्याचा शब्द वर येतो, त्या शब्दातले आवाज ओळीनं लागतात आणि जीभ ‘तांब्या’ म्हणते. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण मेंदूला इजा झाली की ह्यातली एखादी पायरी निखळते. कुणाला तांब्या ओळखू येतो, त्यानं पाणी पिता येतं, पण ‘तांब्या’ काही तोंडात येत नाही. कुणी त्याला ‘वाटी’ म्हणतो. कुणी ‘बांत्या’ म्हणतो. कुठली पायरी निखळली हे ह्या चुकांवरूनच कळतं, म्हणून आमच्या धंद्यात बरोबर उत्तरापेक्षा चुकीच्या उत्तराला जास्त मोल. हे वाक्य मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं. त्याचा खरा अर्थ मला कळला तो चंद्रकलाबाईंमुळे.

चंद्रकलाबाई बिलोली तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका होत्या. वय पन्नाशीच्या आतलं. सकाळी चूल पेटवतानाच खाली कोसळल्या. उजवा हात आणि बोलणं, दोन्ही गेलं. हात दोन महिन्यांत बराचसा आला, बोलणं आलं नाही. त्यावेळी आमच्या भागात वाचा-उपचार करणारे शोधून सापडत नसत. विष्णुपुरीच्या अलीकडे आमचं कॉलेज होतं. तिथल्या एका खोलीत मी दर शनिवारी असे रुग्ण तपासत असे. मी डॉक्टर नव्हते आणि उपचारतज्ज्ञही नव्हते. मी संशोधन करणारी बाई. पण दवाखान्यातले मेंदूचे डॉक्टर माझ्याकडे माणसं पाठवायचे, कारण दुसरीकडे पाठवायला जागाच नव्हती.

चंद्रकलाबाईंबरोबर त्यांचे पती उत्तमराव आले होते. शेतावरच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की त्यांत नवी तार भरून देण्याचं त्यांचं छोटं दुकान होतं, नखांत काळं वंगण असायचं. त्यांनी आल्याआल्या एक प्रश्न विचारला, जो मला परीक्षेत कुणी विचारला नव्हता. सकाळी वंदनेला बसलं की चंद्रकलाबाई त्रिसरण-पंचशील घडाघडा म्हणत, एक शब्द अडत नसे. आणि उठल्यावर पाणी मागता येत नसे.

“लोक म्हणतात नाटक करून राहिली,” ते म्हणाले. “घरचेबी म्हणायलेत. मलाच कधीमधी वाटतंय. खरं काय ते सांगा, मॅडम.”

मी त्यांना समजावून सांगितलं. पाठ असलेलं म्हणणं आणि मनातलं बोलणं ह्या दोन वेगळ्या वाटा आहेत. पाढे, प्रार्थना, आठवड्याचे वार, हे सुतळीसारखं एकाला एक बांधलेलं असतं, एक टोक ओढलं की सगळं येतं. ‘मला पाणी पाहिजे’ हे मात्र दर वेळी नव्यानं जुळवावं लागतं. तीच वाट बंद झाली आहे. ह्यात नाटक नाही. चंद्रकलाबाई हे ऐकत होत्या. त्यांना ऐकलेलं सगळं समजत होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. उत्तमराव खिशातून दस्ती काढून त्यांच्या हातात देत म्हणाले, चुकलं माझं. मला त्या दिवशी वाटलं, निम्मं काम झालं. खरं तर मी आता चूक करणार होते.

चंद्रकलाबाईंच्या बिलोलीच्या कार्यालयानं विचारलं होतं की ही सेविका काम करू शकेल का. माझा अहवाल त्यासाठी हवा होता. मी चित्रांची चाचणी काढली. साठ चित्रं, प्रत्येकाचं नाव सांगायचं. ही चाचणी मी पुण्याला शिकत असताना तिथल्या लोकांवर बसवलेली, आणि मला तिचा अभिमान होता. एकेक चित्र पुढे सरकवत मी खुणा करत गेले. पेरूचं चित्र दाखवलं, त्या बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “जाम.” मी फुली मारली. पातेलं दाखवलं, “भगुनं.” फुली. रुमाल, “दस्ती.” फुली. पिशवी, “थैली.” पुन्हा फुली. पाण्याचा पेला दाखवल्यावर त्या “नीळ्ळू” म्हणाल्या. पेला तर पांढरा होता, मी शेरा लिहिला, वस्तूऐवजी रंग सांगतात, तोही चुकीचा. पतीचं नाव विचारलं तेव्हा त्या हसल्या आणि गप्प राहिल्या. फुली.

निम्मीसुद्धा उत्तरं बरोबर आली नाहीत. मी अहवालात लिहिलं, वस्तूंची नावं सांगण्याची क्षमता गंभीर प्रमाणात बाधित, मुलांना शिकवण्याचं काम सध्या शक्य दिसत नाही. सही केली आणि एक प्रत टपालानं पाठवून दिली.

पुढच्या शनिवारी उत्तमराव एकटेच आले. त्यांनी अहवालाबरोबर चाचणीचा कागदही मागून घेतला होता. तो त्यांनी माझ्या टेबलावर पसरला. रागावलेले नव्हते. मोटारीत बिघाड कुठे आहे ते गिऱ्हाइकाला दाखवावं तसं एकेका फुलीवर बोट ठेवत गेले.

“हे तर तिनं बरोबर सांगितलंय. आमच्याकडं ह्याला जामच म्हणतात. ही दस्ती. हे भगुनं. आन् हे नीळ्ळू म्हणजे पाणी. तिची माय तेलंगणातली हाय, ल्हानपणी घरात तेलुगूच बोलायची. आन् माझं नाव तिनं इतक्या वर्षांत कधी घेतलं न्हाई, ते आता कामून घेईल?”

मी काहीतरी म्हणाले, चाचणी प्रमाणभाषेत असते, नियम ठरलेले असतात, असं काहीसं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुम्ही कुठल्या, मॅडम?”

“लातूरची.”

“मग तुमच्या घरी ह्याला काय म्हणायचे?”

मला उत्तर द्यायला वेळ लागला, चंद्रकलाबाईंना लागायचा तितकाच.

“जाम,” मी म्हणाले.

त्यांनी कागद घडी घालून माझ्याकडे सरकवला, आणि इतकंच म्हणाले की मोटार जळली म्हणून कुणी आणली तर आम्ही आधी आमचं मीटर तपासतो.

हे लिहिताना आजही कान गरम होतात. मी लातूरला गुळाच्या बाजाराच्या मागं वाढले. आमच्या अंगणात जामाचं झाड होतं आणि त्यावरून पडून माझा हात मोडला होता. पुण्याच्या वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मी इथं जाम कुठं मिळतात असं विचारलं, तर मैत्रिणीनं पावाला लावायच्या जामची बाटली पुढे केली आणि सगळं टेबल हसलं. वाईट कुणीच नव्हतं, ते हसू साधंच होतं. पण त्या दिवसापासून मी पेरू म्हणायला लागले. दिवाळीला घरी आले तेव्हाही पेरू म्हणाले, तर आई म्हणाली, आता आमचा जाम तुला गोड लागायचा न्हाई. मी ते थट्टेवारी नेलं. आणि तीच मी, तीस वर्षांनी, ज्या शब्दासाठी मला हसले होते त्याच शब्दावर दुसऱ्या बाईला फुली मारत होते. मला तो शब्द माहीत नव्हता असंही म्हणायची सोय नव्हती.

तो कागद मी त्या दुपारी पुन्हा तपासला. घरातले शब्द बरोबर धरले तर निकाल उलटाच दिसला. तवा, चूल, जाम, इळा, दस्ती, घरात आणि शेतात लहानपणी शिकलेले शब्द जवळजवळ सगळे शाबूत होते, थोडे उशिरा येत इतकंच. गेले होते ते शाळेत आणि प्रशिक्षणात मागाहून आलेले. आधी शिकलेलं घट्ट बसतं आणि मागून शिकलेलं लवकर सुटतं, हे आमच्या शास्त्राला माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण ते दिसायला कागद नीट तपासलेला असावा लागतो. माझ्या फुल्यांनी नेमकं तेच झाकून टाकलं होतं.

सोमवारी मी रजा टाकून बिलोलीला गेले आणि कार्यालयातल्या प्रकल्प अधिकाऱ्यांना भेटले. माझ्यापेक्षा तरुण, कामाच्या ओझ्यानं दमलेल्या बाई होत्या. मी म्हटलं, माझा अहवाल चुकीचा आहे, तो मी परत घेते. त्यांच्या जागी मी असते तर असल्या माणसाला दारातूनच परत पाठवलं असतं. त्यांनी खुर्ची दिली, पण स्पष्ट विचारलं की मागच्या आठवड्यात तुम्हीच एक लिहिलं, आज तुम्हीच दुसरं लिहिणार, मी कुठल्या सहीवर विश्वास ठेवू? मग स्वतःच म्हणाल्या, अहवाल राहू द्या, मला त्या बाईंना मुलांसमोर बसलेलं बघू द्या. ह्या एका वाक्यासाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

मला तयारीला पंधरा दिवस मिळाले. चंद्रकलाबाई एक दिवसाआड नांदेडला येत. आम्ही घरच्या शब्दांपासून सुरुवात केली. घरचा शब्द आला की त्याच्या जोडीला पुस्तकातला. जाम, पेरू. भगुनं, पातेलं. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच खुणेनं आणि तुटक शब्दांत मला सांगितलं की अंगणवाडीत नवं मूल आलं की त्या असंच करत असत. “आधी… घरचं,” त्या म्हणाल्या. “मग… बुकातलं.” त्यांचं स्वतःचं शिकवणं त्यांच्यावरच लागू करायला मला, एका बाहेरच्या बाईला, इतके दिवस लागले.

गावातली अंगणवाडी म्हणजे पत्र्याची एक खोली. तांदळाच्या कोठ्या, वजनकाटा, भिंतीवर प्राण्यांचा नि फळांचा तक्ता. मदतनीस शांताबाईंनी मुलांना ओळीनं बसवलं होतं. अधिकारी बाई मागं खुर्चीवर, मी दाराजवळ, उत्तमराव बाहेर. चंद्रकलाबाई पट्टी घेऊन तक्त्यासमोर उभ्या राहिल्या. पहिले दोन शब्द आले. मग पट्टी मोरावर गेली आणि त्या थांबल्या. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. तेवढ्यात सगळी मुलं एका आवाजात ओरडली, मोर! त्यांनी मान हलवली आणि स्पष्ट म्हणाल्या, मोर. पट्टी पुढे सरकली. पुन्हा थांबल्या, पुन्हा मुलं ओरडली. मुलांना तो खेळच वाटत होता. बाई मुद्दाम थांबतात आणि आपण सांगायचं.

मी मनात म्हटलं, संपलं, मुलांनीच सगळं सांगून टाकलं. पण अधिकारी बाई वहीत लिहिता लिहिता हसत होत्या. परत येताना जीपमध्ये त्यांनी मला विचारलं, “मॅडम, अंगणवाडीत शब्द बाईनं सांगायचा असतो का पोरांनी?”

चंद्रकलाबाईंना सहा महिन्यांसाठी कामावर घेतलं. रजिस्टर त्यांना भरता येत नव्हतं, ते शेजारच्या गावच्या सेविका येऊन भरून देत. सहा महिन्यांचं एक वर्ष झालं, वर्षाची अकरा वर्षं झाली. सगळं परत आलं असं मी म्हणणार नाही. वाचन त्यांना शेवटपर्यंत अवघड गेलं. फोनवर त्या बोलत नसत, समोरच्याला तोंड दिसल्याशिवाय त्यांना धीर येत नसे. पण मुलं शिकली. तिथून पहिलीत गेलेल्या मुलांबद्दल शाळेतले गुरुजी मला एकदा म्हणाले होते की ह्या गावची पोरं धिटाईनं बोलतात, उत्तर द्यायला थांबत नाहीत.

त्यानंतर मी माझी चाचणी मोडून पुन्हा बांधली. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या गावांत जाऊन बायामाणसांना चित्रं दाखवली आणि ते जे म्हणतील ते सगळं बरोबर म्हणून लिहून घेतलं. उदगीर-देगलूरकडे कानडी-तेलुगू शब्द आले, जुन्या माणसांकडून उर्दू आले. लातूरच्या एका बाईंनी तर प्रत्येक चित्राला दोन दोन नावं सांगितली आणि विचारलं, माहेरचं लिहिता का सासरचं? धर्माबादच्या मिरचीच्या व्यापाऱ्यांनी मिरचीच्या एका चित्राला इतकी नावं दिली की मला कागद जोडावा लागला. ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची कामं होती, आणि ती एका मोटारवाल्या माणसानं माझं मीटर तपासल्यामुळे झाली.

एक गोष्ट मात्र राहून गेली ती गेलीच. चंद्रकलाबाईंच्या आधी मी त्याच फुल्या मारून तपासलेले लोक होते. त्यांची कागदपत्रं काढून मी पत्ते शोधले. काही भेटले, त्यांची चाचणी पुन्हा घेतली. एक आजोबा वारले होते. त्यांच्या मुलानं मला बसवून चहा दिला आणि सांगितलं की डॉक्टरांच्या कागदावर ‘समज नाही’ असं होतं म्हणून शेवटी आम्ही त्यांना काही विचारायचंच सोडून दिलं होतं. तो कागद माझा होता. मी तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, जाऊ द्या मॅडम, तुम्ही आलात तरी. हे ‘तरी’ मी अजून जपून ठेवलं आहे, त्यात क्षमा किती आणि तक्रार किती ते मला सांगता येत नाही.

गेल्या वर्षी चंद्रकलाबाई निवृत्त झाल्या. हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. उत्तमराव दुकानात गेले होते. ओसरीवर त्या, मी आणि शांताबाई. शांताबाई सुपात तूर निवडत होत्या. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की एवढ्या वर्षांत मी त्यांना शेकडो चित्रांची नावं विचारली, पण एक साधी गोष्ट कधी विचारली नाही. मी म्हटलं, ज्या सकाळी तुम्ही कोसळलात, दवाखान्यात शुद्धीवर आलात, तेव्हा तुम्हाला पहिलं काय सांगायचं होतं?

त्यांना प्रश्न लगेच कळला. उत्तर यायला वेळ लागला. मी थांबले.

“पोरगी होती एक. पल्लवी. वजन… कमी भरलं होतं. लई कमी.” त्या थांबल्या, हातानं वाढल्यासारखं केलं. “शांताला सांगायचं होतं. तिला… दोनदा वाढ.”

मी न बघितलेले दवाखान्यातले ते दिवस माझ्या डोळ्यांपुढे आले. डॉक्टर, नर्स, नातेवाईक, सगळे त्यांना विचारत होते की तुमचं नाव काय, आज वार कुठला, ही बोटं किती. आणि त्या आतल्या आत हे वाक्य धरून बसल्या होत्या.

“मग?” मी विचारलं. “कुणाला सांगता आलं का?”

त्यांनी मान हलवली, नाही. आणि हसून शांताबाईंकडे बोट केलं.

शांताबाईंनी सुपातून डोकं वर काढलं नाही. “मी वाढतच होते की,” त्या म्हणाल्या. “वजन करताना बाईचं तोंड कसं झालं ते मी बघितलं होतं. ते काय सांगावं लागतंय व्हय?”

मी विचारलं, ती मुलगी आता कुठे असते?

“नववीला हाय,” शांताबाई म्हणाल्या, “आन् ताटात काही टाकत न्हाई.”